स्पर्धेत काय बनवायचं? दमयंतीपासून उकडपेंडीपर्यंत

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांनी निवांत वाचा.

विषय एकदम घरचा आहे. गावात पाककला स्पर्धा जाहीर होते. कधी गणेशोत्सवात, कधी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, कधी शाळेच्या स्नेहसंमेलनात. आई, वहिनी, हल्ली एखादा दादासुद्धा नाव देतो आणि पुढच्या मिनिटाला प्रश्न येतो, बनवायचं काय? मग यूट्यूब उघडतं. आणि स्पर्धेच्या दिवशी आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या टेबलावर चीज, मेयोनीज आणि टूथपिकला टोचलेली लाल चेरी हजर! माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधावं. सुरुवात तर आपल्याच जिल्ह्यात होते.

तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, असं परंपरा सांगते. महाभारतातल्या नलोपाख्यानात इथलीच राजकन्या दमयंती. तिचा नवरा नळ राज्य हरतो, रूप बदलतं, आणि बाहुक नावानं दुसऱ्या राजाचा सारथी बनून तो सासुरवाडीला येतो. त्याला कोणीच ओळखत नाही. दमयंतीची दासी केशिनी स्वयंपाकघरात डोकावते आणि थक्क होते. त्यानं नुसतं पाहिलं की रिकामं भांडं पाण्यानं भरतं, हातातलं गवत आपोआप पेटतं. दमयंतीला संशय येतो, पण तेवढ्या चमत्कारावर ती निकाल देत नाही. ती म्हणते, त्यानं रांधलेल्या मांसाचा एक तुकडा आण. तो ती चाखते आणि ओळखते, हा नळच.

आता हे आख्यान आहे, इतिहासाचा पुरावा नाही, हे मान्य. पण परीक्षक कसा असावा याची कल्पना त्यात किती पक्की आहे बघा. सादरीकरण पाहिलं, दाद दिली, पण निर्णय घेतला तो जिभेनं. आणि ज्याची चव आधीपासून मनात बसलेली होती, तीच चव तिला सापडली.

यानंतर बराच काळ लिहून ठेवलेलं जेवण म्हणजे राजाचं जेवण. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात खाण्यापिण्यावर अख्खा भाग आहे. मांड्यांचाही उल्लेख आहे. पण तो थाट राजवाड्याचा. घरच्या बाईच्या हाताला बक्षीस मिळू लागलं ते पुढे.

त्याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९४९ मध्ये पिल्सबरी या पीठ विकणाऱ्या कंपनीनं न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात घरगुती बेकिंगची मोठी स्पर्धा भरवली. जिंकल्या थिओडोरा स्मॅफील्ड, बक्षीस ५० हजार डॉलर. पदार्थ काय होता? पीळ घातलेले गोड पाव. युक्ती एकच. पीठ मळत बसायचं नाही, कापडात गुंडाळून कोमट पाण्यात सोडायचं, फुगलं की वर येतं. पदार्थ ओळखीचा, युक्ती नवी. या स्पर्धेची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आलेली पाककृती कंपनीच्या स्वयंपाकघरात दुसरं कोणीतरी करून बघायचं. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही हाच नियम आहे. कोड फक्त माझ्या मशीनवर चालून उपयोग नाही, तुमच्याही मशीनवर चालला पाहिजे.

गंमत पुढे आहे. १९६६ च्या स्पर्धेत एला हेलफ्रिच यांच्या केकला दुसरा क्रमांक मिळाला. त्याचं नाव टनेल ऑफ फज, आत मऊ चॉकलेटचा बोगदा. तो ज्या मधे भोक असलेल्या बंट भांड्यात भाजायचा, त्या भांड्याला देशभर मागणी आली. त्या वर्षी पहिलं कोण आलं, हे आज फार थोड्यांना आठवतं. दुसरा आलेला केक मात्र घराघरात गेला. म्हणजे परीक्षकाचा निकाल एका दिवसाचा आणि लोकांचा निकाल पुढच्या पन्नास वर्षांचा.

आपल्याकडे हेच काम एका पुस्तकानं केलं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. त्यांनी माप दिलं वाटी आणि चमच्याचं. 'अंदाजानं मीठ' म्हणून सोडून दिलं नाही. म्हणून लग्न होऊन परगावी गेलेल्या, आई जवळ नसलेल्या मुलीलाही तो पदार्थ जमला. जे मापात उतरलं ते टिकलं.

आता वऱ्हाडाकडे या. आपल्याकडे एके काळी कापूस आणि ज्वारी ही जोडी होती. गेल्या काही दशकांत सोयाबीननं ज्वारीची बरीच जागा घेतली. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष पाळलं, भाषणं झाली, फलक लागले. पण ज्वारीचे पदार्थ ज्या हातांना येतात, ते हात आता म्हाताऱ्या आज्यांचे आहेत. त्या मापानं सांगत नाहीत, हातानं दाखवतात. तो हात गेला की पदार्थही गेला. म्हणून स्पर्धेचं टेबल मला छोटी गोष्ट वाटत नाही. तिथं ठेवायला म्हणून का होईना, कोणीतरी तो पदार्थ पहिल्यांदा मोजून लिहून काढतं.

मग निवडायचं काय? रोडगे-वांग्याची भाजी म्हणजे आपली शान, पण गोवऱ्यांचा आर सभागृहात कुठून आणणार? पळसाच्या पानातल्या पानग्यांचंही तेच. पिठलं थंड झालं की घट्ट होतं. आणि परीक्षक पंचवीस ताटल्यांतून एकेक चमचा खातात, तेही तुम्ही मांडल्यावर तासाभरानं. हे सगळं धरून माझं मत ज्वारीच्या उकडपेंडीला.

एक वाटी जाडसर पीठ, तीन चमचे तेल, एक कांदा, मोहरी, हिरवी मिरची, अर्धी वाटी आंबट ताक. फोडणीत पीठ खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं. इथं घाई केली तर पेंडी कच्ची लागते. मग ताक, पाण्याचा हबका, झाकण, वाफ. मोकळी झाली पाहिजे, गोळा नको. वरून सांबार, म्हणजे आपला वऱ्हाडी सांबार, कोथिंबीर! थंड झाली तरी हबका मारून वाफ दिली की परत मोकळी. सोबत ठेचा. युक्ती करायचीच तर एक करा, ताकाऐवजी कैरीचा कीस. बस, एकच.

पहिला नंबर येईल का? चीजवाल्या ताटलीसमोर कदाचित नाही येणार. पण त्या चमचाभर पेंडीनं एखाद्या परीक्षकाला आपल्या घरची सकाळ आठवली, आणि चार जणींनी "माप काय घेतलं गं?" असं विचारलं, तर काम झालं.

तेव्हा या आठवड्यात एक करा. आजी पीठ घेईल तेव्हा तिच्या मुठीखाली वाटी धरा, किती भरली ते बघा आणि लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात!