मारुती ८०० चे ७९६ सीसी इंजिन : रचना, टिकाऊपणा आणि निगा

१४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते मारुती ८०० ची पहिली चावी दिल्लीतील एका ग्राहकाला देण्यात आली. जानेवारी २०१४ मध्ये या मोटारीचे उत्पादन थांबले. मात्र तिच्या इंजिनाचा वंश अल्टो ८०० च्या रूपाने २०२३ पर्यंत चालू राहिला. सुझुकीच्या ‘एफ’ मालिकेतील ‘एफ८बी’ हे ते मूळ इंजिन. मारुतीच्या ओम्नी व्हॅनलाही याच इंजिनाने दीर्घकाळ साथ दिली. गोवा व बेळगावच्या परिसरात यांतील अनेक गाड्या आजही वापरात आहेत. अशी गाडी ठेवावी की काढावी, हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे, त्यांना या इंजिनाचे गुणदोष माहीत असणे उपयुक्त ठरेल.

रचना

इंजिनात एका ओळीत तीन सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर असून एकूण क्षमता ७९६ घन सेंटीमीटर भरते. मूळ रचनेत प्रत्येक सिलिंडरला एक आत घेणारा व एक बाहेर सोडणारा, असे सहा व्हॉल्व्ह होते. वरच्या बाजूस असलेला एकच कॅमशाफ्ट दातेरी पट्ट्याने, म्हणजे टायमिंग बेल्टने, फिरतो. इंजिन आडवे बसवलेले असून शक्ती पुढच्या चाकांना मिळते.

चार धावांच्या तीन सिलिंडरी इंजिनात दर २४० अंशांनी एक स्फोट होतो. पिस्टनच्या वर-खाली हालचालींची बले एकमेकांना तोलतात. पण इंजिनाच्या दोन टोकांना आलटून पालटून डोलवणारा हेलकावा शिल्लक राहतो. गाडी जागेवर उभी असताना जाणवणारी थरथर बऱ्याच अंशी त्यातून येते. तो बिघाड नव्हे. मात्र ही थरथर एकाएकी वाढली, तर इंजिनाखालची रबरी माउंटिंग किंवा एखाद्या सिलिंडरचा स्पार्क प्लग तपासावा.

कार्ब्युरेटर ते इंजेक्शन

सुरुवातीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर व चोक होता. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसे २००० च्या सुमारास संगणक-नियंत्रित इंधन इंजेक्शन, म्हणजेच एमपीएफआय, आले. इंजेक्शनच्या मूळ आवृत्तीची शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती होती. त्याच सुमारास बारा व्हॉल्व्हची ‘एफ८डी’ आवृत्ती आली. अल्टो ८०० मध्ये तिची शक्ती सुमारे ४८ अश्वशक्तीपर्यंत गेली. व्यास आणि धाव मात्र तीच राहिली.

टिकाऊपणाचे कारण

या इंजिनाची ख्याती त्याच्या साधेपणावर उभी आहे. टर्बो नाही, गुंतागुंतीची व्हॉल्व्ह-यंत्रणा नाही. गाडीचे वजन सुमारे ६५० किलो असल्याने इंजिनावर ओझेही कमी. सुटे भाग सर्वत्र मिळतात आणि गावातल्या गॅरेजातही ते उघडून जोडणारा मेकॅनिक असतो. तेल वेळेवर बदलले आणि उष्णता आटोक्यात ठेवली, तर हे इंजिन सहसा दगा देत नाही.

उष्णता हाच मोठा शत्रू

सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असल्याने ते अतितापाने वाकते आणि हेड गॅस्केट उडते. चोर्ला किंवा अनमोड घाटात चार माणसे, सामान आणि एसी चालू असताना गाडी खालच्या गिअरमध्ये हळू चढते. तेव्हा रेडिएटरला समोरून वारा कमी मिळतो आणि सारी भिस्त विजेच्या पंख्यावर राहते. पंख्याचा स्विच बिघडलेला असेल, तर सपाट रस्त्यावर न कळलेला दोष घाटात उघड होतो. काटा चढू लागताच एसी बंद करावा. काटा तांबड्या भागाकडे सरकला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन थांबवावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि थंड पाणीही ओतू नये.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत चुकीची आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल जास्त लागते आणि झीज वाढते. नुसत्या नळाच्या पाण्याने आतले मार्ग गंजतात. म्हणून योग्य प्रमाणातील कूलंटच वापरावे.

लक्षणे ओळखताना

निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेले असतात. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहणे, कूलंट वारंवार कमी होणे आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे ही गॅस्केट गेल्याची चिन्हे होत. तेलाच्या झाकणाखालचा दुधाळ थर मात्र पावसाळ्यात केवळ छोट्या फेऱ्यांमुळेही येतो. त्या एका लक्षणावरून इंजिन उघडण्याचा निर्णय घेऊ नये.

टायमिंग बेल्ट तुटला की इंजिन त्या क्षणी बंद पडते. जुनी गाडी विकत घेताना बेल्ट कधी बदलला याची खात्रीलायक नोंद नसेल, तर तो आधी बदलून घ्यावा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा प्रश्न जुन्या गाड्यांसाठी खरा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज काहीसे घटते. ते ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात खराब होऊ शकते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण काही प्रमाणात सावरतो; कार्ब्युरेटरला ती सोय नाही. इंधनाच्या नळ्या व सील तपासून घ्याव्यात आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

ठेवावी की काढावी?

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच वर्षांसाठी नव्याने मिळते. त्या वेळी इंजिनापेक्षा आधी पत्र्याकडे पाहावे. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तळाचा पत्रा गंजतो आणि तो दुरुस्त करणे इंजिन बांधण्यापेक्षा अवघड असते. शिवाय या जुन्या गाड्यांत एअरबॅग नाहीत. रोज महामार्गावर धावणाऱ्या कुटुंबाने ही उणीव नजरेआड करू नये. पत्रा शाबूत असेल आणि फिरणे गावापुरते असेल, तर हे छोटे इंजिन अजूनही कमी खर्चात सेवा देऊ शकते.