ब्रूस ली : शरीर, व्यायाम आणि चित्रपट

ब्रूस ली यांची पिळदार शरीरयष्टी ही चित्रपटव्यवसायाची निर्मिती होय, असे सामान्यतः मानले जाते. कालक्रम तपासला असता हे मत टिकत नाही. १९४० साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेले ली हाँगकाँगमध्ये प्रथम बालनट म्हणून पुढे आले. यिप मान यांच्याकडील विंग चुनचे शिक्षण त्यानंतरचे. या पद्धतीत भर असतो तो जवळून केलेल्या आखूड, सरळ प्रहारांवर. स्नायूंच्या पुष्टतेस तीत विशेष स्थान नाही. १९६४ साली ओकलंड येथे वाँग जॅक मान यांच्याशी झालेल्या झुंजीत आपला दम अपुरा पडतो, हे ली यांना जाणवले. धावणे व वजने उचलणे यांवरील त्यांचा भर तेथून वाढला. ‘द ग्रीन हॉर्नेट’ ही दूरचित्रवाणी मालिका त्यानंतरची, १९६६ ची.

मग चित्रपटाने काय पालटले? शरीरापेक्षा हालचाल अधिक. द्वंद्वात प्रहाराची चाहूल प्रतिपक्षास लागता कामा नये. पडद्यावर तो प्रेक्षकास दिसलाच पाहिजे. स्वतःच्या जीत कुन दो पद्धतीत ली गुडघ्यावर वा नडगीवर मारलेली लाथ श्रेयस्कर मानीत. ‘द बिग बॉस’ (१९७१) पासूनच्या चित्रपटांत मात्र उंच लाथांचे प्राबल्य दिसते; आणि तेही १९७० मध्ये वजनाच्या व्यायामात पाठीस गंभीर दुखापत झाल्यानंतर.

तात्पर्य, १९७३ साली वयाच्या ३२ व्या वर्षी निवर्तलेल्या ली यांच्या शरीरसाधनेची साक्ष त्यांचे चित्रपट देतात. त्यांच्या युद्धविद्येची साक्ष म्हणून मात्र अभ्यासकाने ते जपूनच वापरावेत.