अकबर बादशाहाचे दोन-तीन झुरके

तंबाखू पोर्तुगीजांनी भारतात आणली, एवढे आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. पण मोगल दरबारात ती दख्खनमार्गे गेली, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्याने ती नेली, त्यानेच ही हकिगत फारसीत लिहून ठेवली आहे.

त्याचे नाव असद बेग. आधी तो अबुल फजलच्या पदरी होता. १६०२ मध्ये अबुल फजलचा खून झाला आणि असद बेग अकबराच्या चाकरीत आला. शहजादा दानियालचे लग्न विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या मुलीशी ठरले होते. त्या कामासाठी बादशाहाने त्याला विजापूरला धाडले. तिथे त्याने तंबाखू पाहिली. उत्तरेत ती त्याच्या पाहण्यात कधी आली नव्हती. गोवा १५१० मध्ये आदिलशाहीकडून पोर्तुगीजांकडे गेला होता, तेव्हा अमेरिकेची ही वनस्पती आग्र्याआधी विजापुरात रुळली यात नवल नाही.

असद बेगने बादशाहासाठी खास नळी बनवून घेतली. आचेहून आलेली तीन हात लांब नळी, दोन्ही टोकांना जडावकाम, तोंडाशी येमेनी अकीक आणि तंबाखू पेटवायला सोन्याचे पात्र. आदिलशाहाने दिलेल्या पानाच्या बटव्यात उंची तंबाखू भरली आणि सगळे चांदीच्या तबकात मांडून १६०४ च्या सुमारास बादशाहापुढे ठेवले.

अकबराने विचारले, हे काय? उत्तर दिले त्याचा दूधभाऊ खान-ए-आझम मिर्झा अझीझ कोका याने. ही तंबाखू, मक्का-मदिनेत सर्वांना ठाऊक आहे, औषध म्हणून आणली आहे. कोका स्वतः हजला जाऊन आलेला, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते. अकबराने नळी भरायला सांगितली. हकीम आडवा आला. तरी असद बेगचे मन राखायचे म्हणून बादशाहाने दोन-तीन झुरके घेतले आणि नळी कोकाकडे दिली.

मग वाद रंगला. हकिमाचे म्हणणे, आपल्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, न पारखलेले औषध बादशाहाला देणार नाही, फिरंग्यांचे अनुकरण कशाला? असद बेग म्हणाला, जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती. अकबराने त्याची बाजू उचलून धरली. आपल्या ग्रंथांत नाही एवढ्यावरून इतरांची गोष्ट नाकारली तर पुढे जायचे कसे, असा त्याचा मुद्दा. एका पाद्र्यालाही बोलावले. त्याने तंबाखूचे गुण गायले, पण हकीम बधला नाही.

माझ्या मते या प्रसंगात तत्त्व अकबराचे बरोबर होते आणि निदान हकिमाचे. ‘ग्रंथात नाही’ हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. आपल्या समाजात छापखान्यापासून मुलींच्या शाळेपर्यंत अनेक गोष्टी याच एका वाक्याने अडवल्या गेल्या. पण ‘मक्का-मदिनेत चालते’ आणि ‘फिरंगी वापरतात’ हीसुद्धा स्वीकाराची कारणे नव्हेत. तोही तकलीदच, फक्त इमाम बदललेला. हकिमाच्या बोलण्यातला ‘पारखलेले नाही’ हा एकच शब्द मोलाचा होता आणि दरबाराने नेमका तोच सोडून दिला.

अकबराला ही सवय लागली नाही. दरबाऱ्यांना मात्र लागली. असद बेगकडे अमिरांची मागणी सुरू झाली, पाठोपाठ व्यापारी विकू लागले. १६१७ मध्ये जहांगीरने अपाय होतो म्हणून बंदी घातली. इराणात शाह अब्बासनेही घातली होती, पण जहांगीरचा तिथला वकील खान आलम याला झुरक्याविना करमेना, म्हणून शाहाला त्याच्यापुरती सूट द्यावी लागली!

महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. आमच्या मोहल्ल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आजही आहेत. फतवा, फर्मान आणि कायदा यांना जे जमत नाही, ते पारखण्याच्या सवयीने जमू शकते. ती सवय मुलांना घरात आणि मदरशात लागली पाहिजे.