सावित्रीबाईंची तीन पत्रे : वक्ता कोण, श्रोता कोण?

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे मा. गो. माळी यांनी १९८८ मध्ये संपादित केलेल्या त्यांच्या 'समग्र वाङ्मया'त समाविष्ट आहेत. दोन नायगावहून (१८५६ व १८६८), तिसरे जुन्नरजवळच्या ओतूरहून (१८७७). चरित्रकारांनी ती मुख्यतः पुरावा म्हणून वापरली. पतिनिष्ठेची साक्ष म्हणूनही ती वाचली जातात. हे वाचन अपुरे आहे.

एकोणिसाव्या शतकातील सुधारक दांपत्यांच्या लेखनात पत्नी बहुधा पतीच्या चरित्राच्या ओघात अवतरते. रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे (१९१०) केंद्रही न्यायमूर्तीच आहेत. प्रस्तुत पत्रसंग्रहात मात्र जोतीरावांची उत्तरे नाहीत. बोलते ती शिक्षिका. पती श्रोत्याच्या जागी आहे.

१८५६ चे पत्र या दृष्टीने विशेष अभ्यसनीय होय. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी आहेत. दुखण्याची वार्ता थोडक्यात आटोपते आणि पत्राचा ताबा एक वाद घेतो. महार-मांगांना शिकवून तुम्ही उभयतांनी कुळाला बट्टा लावला, हा भावाचा आक्षेप. तो त्या गाळत नाहीत, सौम्यही करीत नाहीत. पूर्ण मांडतात आणि मग खोडतात. नागपंचमीला सापाला दूध पाजणारा माणूस माणसाला अस्पृश्य कसा मानतो, हा त्यांचा प्रतिप्रश्न. युक्तिवादाची ही रीत वर्गातली आहे. जोतीरावांचे 'तृतीय रत्न' हे नाटक आदल्याच वर्षीचे. संवादातून पूर्वपक्ष उघडा पाडण्याची पद्धत दोघांनी एकमेकांच्या सहवासात घडविली असावी. ती एकाने दुसऱ्याला दिली, असे मानण्याचे कारण नाही.

ओतूरचे पत्र दुष्काळातले. सत्यशोधकांची अटक, कलेक्टरची भेट, सुटका हा मजकूर घरगुती पत्रापेक्षा कार्यवृत्ताशी अधिक जवळचा आहे. सत्यशोधक समाज स्थापन होऊन (१८७३) तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती.

१८६८ च्या पत्रात मात्र वृत्तान्त कृतीत उतरतो. गणेश हा ब्राह्मण तरुण आणि गर्भवती सारजा ही महार मुलगी यांना गाव मारावयास निघाला असता सावित्रीबाईंनी इंग्रजी कायद्याचा धाक घालून त्यांना वाचविले. तेथे न थांबता त्यांनी त्या दोघांना जोतीरावांकडे रवाना केले. पतीला विचारून निर्णय घ्यावा, असा या पत्राचा सूरच नाही. निर्णय झालेला आहे, आणि त्याची पुढची जबाबदारी पत्रासोबत पुण्याच्या वाटेला लागलेली आहे.