तबल्याच्या बैठकीवर ड्रमसेट : त्रिलोक गुर्टू यांची तालयात्रा

रोहा, धाटाव किंवा कोकणातील कोणत्याही गावात देवाची पालखी निघाली की वाद्यांची वाटणी ठरलेली असते. एकाच्या गळ्यात ढोल, दुसऱ्याच्या कमरेला टिमकी, तिसऱ्याच्या हाती झांज. वाद्य एक आणि वादकही एक, असा हा हिशेब असतो. पाश्चात्त्य संगीतातला ड्रमसेटही मूळचा असाच मिरवणुकीतला. अमेरिकेत मोठा ढोल, छोटा ढोल आणि झांजा वाजवणारे वादक वेगवेगळे असत. नाट्यगृहांत आणि नृत्यगृहांत जागा व पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा ही सारी वाद्ये एकाच वादकाकडे आली. शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी १९०९ मध्ये पायाने ढोल वाजवण्याचे सुटसुटीत पेडल बाजारात आणले आणि वादक स्टुलावर बसून हातापायांनी चारही बाजू सांभाळू लागला. स्टूल आणि पेडल हे ड्रमसेटचे दोन आधारस्तंभ ठरले.

मुंबईत वाढलेल्या एका तबलजीने पुढे हे दोन्ही आधार काढून टाकले. त्रिलोक गुर्टू हे त्यांचे नाव. ड्रमसेट जमिनीवर उतरवून त्यांनी तो तबल्याच्या शेजारी मांडला. गेली अनेक दशके हीच मांडणी घेऊन ते जगभर वाजवत आले आहेत. जाझच्या जगात आदराने घेतले जाणारे हे नाव महाराष्ट्रातील सर्वसाधारण श्रोत्याला मात्र अनेकदा ‘शोभा गुर्टूंचे चिरंजीव’ एवढ्याच ओळखीने ठाऊक असते.

घरातला तबला

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत झाला. आई शोभा गुर्टू या ठुमरी-दादरा गायनातील अग्रगण्य गायिका. त्यांचे माहेरचे नाव भानुमती शिरोडकर आणि जन्म १९२५ मध्ये बेळगावचा. त्यांच्या मातोश्री मेनकाबाई शिरोडकर या जयपूर-अत्रौली घराण्याच्या उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. म्हणजे त्रिलोक यांच्या मागे दोन पिढ्यांचे गाणे उभे होते. आईच्याच प्रोत्साहनाने त्यांनी तबला हाती घेतला आणि अब्दुल करीम यांच्याकडे रीतसर तालीम घेतली.

ठुमरीच्या घरात तबला शिकणे याला एक वेगळा अर्थ आहे. ठुमरीत तबलजीला बराच काळ गायिकेच्या बोलबनावाला जागा देत थांबावे लागते आणि शेवटी लग्गी-लडीच्या वेळी मनमोकळे वाजवण्याची मुभा मिळते. केव्हा बोलायचे आणि केव्हा गप्प राहायचे, याचे शिक्षण या साथीतून मिळते. गुर्टू यांच्या पुढील वादनातही ही जाण दिसते. अनेक वाद्ये हाताशी असूनही ती सगळी एकाच वेळी वाजवण्याचा मोह त्यांना होत नाही.

एका चुकीचा फायदा

सत्तरच्या दशकात त्यांनी पाश्चात्त्य ड्रम वाजवण्यास सुरुवात केली. जाझ आणि रॉकच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकूनच ही विद्या आत्मसात करायची होती. या काळातील एक गोष्ट त्यांनी स्वतः १९९५ मध्ये जिमी हेंड्रिक्स यांच्यावरील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितली आहे. स्टुडिओत एकाच ध्वनिफितीवर एकावर एक थर चढवून मुद्रण करता येते, याची त्यांना तेव्हा कल्पनाच नव्हती. मुद्रिकेत जे ऐकू येते ते एकाच वेळी वाजवलेले असणार, असे समजून ते सारे भाग वाजवण्याचा प्रयत्न करत राहिले. परिणामी, बहुतेक वादकांनी ज्याच्या वाटेला जाण्याचे धाडस केले नसते, ते त्यांच्या हातात बसले.

जमिनीवरची मांडणी

गुर्टू मंचावर अर्धवट गुडघे टेकून बसतात. स्टूल नाही आणि नेहमीचा पायाने वाजवायचा ढोलही नाही. भोवती पाश्चात्त्य ड्रम, झांजा, घंटा, निराळ्या घडणीची काही चर्मवाद्ये आणि हाताशी तबला, अशी ही मांडणी असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा पसारा वाटतो, पण त्यामागे तर्क आहे.

तबला हे बोटांचे वाद्य आहे. त्याच्या पुडीवरील शाईमुळे चामड्याला निश्चित सूर मिळतो. या शाईमुळे चामड्याचे उपस्वर स्वरसंवादी कसे होतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले होते. डग्ग्यावर तळहाताचा दाब कमीजास्त करून घुमारा वरखाली नेता येतो. हे सारे करायचे तर वादकाला वाद्याच्या जवळ, जमिनीलगत बसावे लागते. ड्रमसेटचे वादन मात्र काठीचे, उंचीवरून होणाऱ्या आघाताचे. एकाच वादकाला दोन्ही वाजवायचे असतील तर दोघांपैकी एकाला आपली बैठक सोडणे भाग होते. तबला स्टँडवर चढवून उभ्याने वाजवण्याची तडजोड अनेकांनी केली. गुर्टू यांनी तबला जागेवर ठेवला आणि ड्रमसेटला खाली बोलावले.

याची किंमतही आहे. पायातला ढोल हा जाझ आणि रॉकचा पाया. तो सोडला की खर्जातील ठोके हातांनाच सांभाळावे लागतात, आणि हातांना इतर कामेही असतात. ही उणीव तबल्याच्या विचाराने भरून निघते. तबलजी दोन हातांत खर्ज आणि तार अशी विभागणी करून कायदा, रेला, तुकडा उभा करतो आणि त्याला तिसऱ्या अवयवाची गरज भासत नाही. गुर्टू यांचे ड्रमवादन याच व्याकरणावर चालते. वाद्य विलायती असले तरी वाक्यरचना तबल्याची असते.

वादनात ते मध्येच बोलही म्हणतात. उत्तरेकडील तबल्याचे बोल आणि दक्षिणेकडील कोन्नक्कोल, म्हणजे तोंडाने तालाक्षरे म्हणण्याची पद्धत, या दोहोंचा वापर त्यांच्या मैफलीत ऐकू येतो. तिहाई म्हणजे एकच वाक्य तीन वेळा म्हणून नेमके समेवर पोहोचणे. हा हिशेब भारतीय संगीताशी अपरिचित असलेल्या युरोपीय श्रोत्यालाही अशा वेळी कानाने कळतो. तो मोजू शकत नाही, पण शेवटचा ठोका कुठे पडणार याची त्याला चाहूल लागते.

पाण्याची बादली

त्यांच्या मांडणीतील सर्वांत चर्चिली गेलेली वस्तू म्हणजे पाण्याने भरलेली बादली. घंटा किंवा तबकडी वाजवून ती नाद चालू असतानाच पाण्यात बुडवली की तिचा स्वर घरंगळत खाली येतो आणि वर उचलली की पुन्हा चढतो. पाण्याचा भार धातूच्या कंपनाला जखडतो, त्यामुळे कंपनसंख्या घटते. जलतरंगात वाटीत पाणी वाढवले की स्वर उतरतो, त्यामागचे कारणही हेच. फरक इतकाच की जलतरंगात पाणी वाटीच्या आत असते आणि स्वर आधीच पक्का केलेला असतो. इथे वाद्यच पाण्यात जाते आणि श्रोत्यासमोर मींड घेतल्यासारखा स्वर सरकतो. आघाताच्या वाद्याला मींड देण्याची ही युक्ती सुचायला घरात ठुमरी असावी लागते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

युरोपचा मार्ग

मुंबईत अशा वादनाला ठरावीक चौकट नव्हती. शास्त्रीय मैफलीत ड्रमला स्थान नव्हते आणि चित्रपटसंगीतात वादकाचे नाव श्रोत्यापर्यंत पोहोचत नसे. सत्तरच्या दशकात ते चार्ली मारियानो, जॉन चिकाय, टेरिए रिप्दाल आणि डॉन चेरी यांसारख्या जाझ कलावंतांबरोबर वाजवू लागले. ‘एम्ब्रियो’ या जर्मन वाद्यवृंदाच्या १९७७ च्या सुमाराच्या ‘अपो-कॅलिप्सो’ या मुद्रिकेवर त्यांचे वादन ऐकायला मिळते. त्यांच्या आरंभीच्या मुद्रणांपैकी हे एक असून शोभाताईंचा स्वरही त्यात आहे. पुढे त्यांनी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे वास्तव्य केले.

नोव्हेंबर १९८४ मध्ये ‘ऑरेगॉन’ या नामांकित अमेरिकी वाद्यवृंदातील तबला व सतारवादक कॉलिन वॉलकॉट यांचे पूर्व जर्मनीत अपघाती निधन झाले. त्यांची जागा भरण्याचे अवघड काम गुर्टू यांच्याकडे आले. १९८७ ते १९९१ या काळात या वृंदाच्या तीन मुद्रिकांवर त्यांनी वाजवले. याच सुमारास गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांच्या त्रयीत ते सामील झाले. मॅक्लॉफलिन यांनी सत्तरच्या दशकात झाकीर हुसेन यांच्यासमवेत ‘शक्ती’ उभारली होती, त्यामुळे भारतीय तालशास्त्र त्यांना नवे नव्हते. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये नोव्हेंबर १९८९ मध्ये झालेल्या या त्रयीच्या मैफलीचे मुद्रण उपलब्ध आहे. गिटार, बास आणि जमिनीवरची ही वाद्यमांडणी एवढ्याच सामग्रीवर ती मैफल उभी आहे. गुर्टू यांचे नाव जगभर झाले ते या काळात.

आईचा स्वर, मुलाचा ताल

‘उस्फ्रेत’ ही त्यांची पहिली स्वतंत्र मुद्रिका १९८८ ची. तिच्यात डॉन चेरी, ऑरेगॉनचे राल्फ टाउनर आणि व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्याबरोबर शोभा गुर्टूही आहेत. १९९३ च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्ये जो झाविनुल आणि पॅट मेथेनी यांच्यासारखे दिग्गज असूनही पुन्हा आईचा आवाज आहे. २००० च्या ‘आफ्रिकन फँटसी’त बेनिनच्या अँजेलिक किद्जो आणि मालीच्या उमू सांगारे गातात, तर २००२ च्या ‘रिमेम्ब्रन्स’मध्ये ते झाकीर हुसेन आणि शोभाताईंसह पुन्हा घराकडे वळतात. त्याच वर्षी शोभाताईंना पद्मभूषण मिळाले. सप्टेंबर २००४ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. पारंपरिक ठुमरीची ही गायिका मुलाच्या प्रयोगांत वारंवार सहभागी झाली, ही बाब महत्त्वाची आहे. परंपरा मोडल्याचा आक्षेप घेणाऱ्यांना घरातूनच मिळालेले ते उत्तर होते.

गौरव आणि प्रश्न

अमेरिकेतील ‘डाउनबीट’ या जाझविषयक मासिकाच्या समीक्षकांनी १९९४, १९९५, १९९६ आणि पुढे १९९९ ते २००२ या वर्षांत त्यांची सर्वोत्तम तालवादक म्हणून निवड केली. ‘अर्के’ या इटालियन तंतुवाद्यचौकडीबरोबरची ‘आर्किऑलॉजी’ (२००६), ‘ट्वेंटीवन स्पायसेस’ (२०११), ‘स्पेलबाउंड’ (२०१३) आणि ‘गॉड इज अ ड्रमर’ (२०१९) या मुद्रिका त्यांच्या सातत्याची साक्ष देतात.

तरीही एक प्रश्न उरतो. त्यासाठी अलीकडे आपल्याकडेही लोकप्रिय झालेल्या हँडपॅनचे उदाहरण घेता येईल. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात फेलिक्स रोनर आणि सबिना शेरर यांनी २००० मध्ये ‘हँग’ हे पोलादी वाद्य घडवले. त्रिनिदादचा स्टीलपॅन आणि आपला घटम ही त्याची प्रेरणा. २०१३ मध्ये त्यांनी हँग बनवणे थांबवले, पण तोवर इतर कारागिरांनी ‘हँडपॅन’ या नावाने ती कल्पना सर्वदूर नेली होती. आज ते वाद्य विकत मिळते, शिकता येते, शिकवता येते. घटमाचा विचार एका नव्या वस्तूत उतरला आणि म्हणून टिकला.

गुर्टू यांनी तबल्याचा विचार वस्तूत उतरवला नाही. तो एका बैठकीत, एका सवयीत आणि एका माणसाच्या हातांत आहे. ही मांडणी दुकानात मिळत नाही आणि तिला नावही नाही. जमिनीवर बसून ड्रम वाजवणे कोणीही सुरू करू शकेल, पण त्यामागे आधी तबल्याची काही वर्षे आणि ठुमरीच्या साथीचा कान असल्याशिवाय ती केवळ नक्कल ठरेल. म्हणजे या वाद्याचा प्रसार करायचा तर तबल्याच्या तालमीपासूनच सुरुवात करावी लागेल. नव्या पिढीतील जे विद्यार्थी तबला सोडून थेट ड्रमकडे वळतात, त्यांच्यासाठी या कारकिर्दीचा धडा हाच आहे. गुर्टू ड्रमकडे गेले ते तबला बरोबर घेऊन.

ज्यांनी त्यांना अद्याप ऐकलेले नाही, त्यांनी सुरुवात रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या मैफलीपासून करावी, मग ‘उस्फ्रेत’ आणि ‘क्रेझी सेंट्स’ ऐकावे. पहिल्या ऐकण्यात विलायती ड्रम कानावर येतील. दुसऱ्यांदा ऐकताना हाताने मात्रा धरून पाहाव्यात. समेचा हिशेब आपल्याच बैठकीतला असल्याचे लक्षात येईल.