मनूचा घडा

शतपथ ब्राह्मणातील मनू व मत्स्य यांची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी प्रलयाची कथा म्हणून ऐकली आहे. महापूर, नौका आणि माशाच्या शिंगाला बांधलेला दोर एवढेच तीतले आपल्या स्मरणात राहते. पण कथेचा आरंभ पुराने होत नाही. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूच्या हाताशी एक इवलासा मासा येतो आणि अभय मागतो. त्याला तूर्त भय आहे ते पुराचे नव्हे, स्वजातीयांचे. आम्ही लहान असतो तोवर मासाच आम्हांला गिळतो. तेव्हा मला आधी घड्यात ठेव, घडा पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव, आणि कोणाकडून नाश होणार नाही एवढा झालो की समुद्रात नेऊन सोड, असे तो सांगतो. सरकारी भाषेत बोलायचे तर तीन टप्प्यांची योजनाच तो मनूपुढे मांडतो, आणि मनू ती कोणताही शेरा न मारता मंजूर करतो.

या कथेतील भयाचे पुढे शास्त्र झाले. दंड नसेल तर बलवान दुर्बलाला गिळतो, हा मत्स्यन्याय कौटिल्याने राज्यसंस्थेच्या मुळाशी ठेवला. त्या न्यायाने गांजलेल्या प्रजेने मनूलाच राजा केले, असेही अर्थशास्त्रात आले आहे. म्हणजे मनूचा आणि माशाचा संबंध तेथेही सुटला नाही. पण घड्याकडे मात्र आपल्या ग्रंथकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती आणि त्यांना घालावयाचे खाद्य यांची बारकाईने माहिती दिली आहे. परंतु ते खाऊ घालणे अखेर गळाला लावण्यासाठी आहे.

हे सारे मला सुचले ते पोथी वाचताना नव्हे, तर जबलपुरातील सरकारी निवासस्थानात, एका काचपेटीसमोर बसून. बदलीच्या नोकरीत कुत्रे पाळणे कठीण आणि बाग लावणे त्याहून कठीण, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. आमचा मुलगा शाळा वारंवार बदलू नये म्हणून नागपूरला आजी-आजोबांपाशी राहतो. त्याने आग्रह धरला म्हणून कलकत्त्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरील रविवारच्या बाजारातून डिस्कस जातीचे शोभेचे मासे मी आणले. चकतीसारखा गोल, बाजूंनी चपटा, अंगावर निळसर रेघा असलेला हा मासा अमेझॉनच्या खोऱ्यातला. त्यांपैकी दोघांची जोडी जमली, उलट्या ठेवलेल्या कुंडीच्या अंगावर मादीने अंडी चिकटवली, दोघांनी आळीपाळीने पंखांनी वारा घातला, आणि दुसऱ्या रात्री ती सगळी अंडी त्याच दोघांनी खाऊन टाकली. सकाळी कुंडी स्वच्छ होती.

आईबापांपासूनच पिल्लांना वाचवावे लागते, हा धडा जबलपूरच्या आसमंताला नवा नाही. गोंड राजवटीची आठवण सांगणारे राणीताल, चेरीताल आणि अधारताल हे तलाव राणी दुर्गावती, तिची दासी आणि तिचा मंत्री अधारसिंह यांच्याशी परंपरेने जोडले जातात. बावन्न तालांचे शहर म्हणून हे गाव मिरवत असे. आज त्यांतले कित्येक ताल केवळ वस्त्यांच्या नावांत उरले आहेत. पण तलाव बांधला म्हणजे त्यात माशांची वीण होते असे नाही. कटला, रोहू आणि मृगळ हे आपले मोठे मासे साठलेल्या पाण्यात वाढतात, मात्र अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यात नद्यांतून मत्स्यजिरे गोळा करून ते तलावांत सोडण्यात येत असे, आणि त्या जिऱ्यात पुढे इतरांना गिळणाऱ्या जातींची पिल्लेही बेमालूम मिसळलेली असत. मत्स्यन्याय असा मडक्यातूनच तलावात पोहोचे.

ही अडचण दोन वाटांनी सुटली. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून साठलेल्या पाण्यात विणीचा प्रयोग यशस्वी केला. तो दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. दुसरी वाट मध्य प्रदेशातली. बुंदेलखंडात छतरपूर जिल्ह्यातील नौगाव येथे सोनार तलैया नावाच्या बांधात १९५८ मध्ये सुईशिवाय वीण साधली. हा बांध उन्हाळ्यात कोरडा पडे. पहिल्या पावसात पाणलोटाचे पाणी त्यात धावून येई, सोडलेल्या जोड्यांना तो नदीचा पूरच वाटे, आणि उथळ जागी त्या अंडी घालीत. माशाला फसवले खरे. पण त्याच्या मनासारखे पाणी देऊन फसवले. इंजेक्शनाइतकी कीर्ती या बांधाला मिळाली नाही, याची मला या प्रदेशाचा अन्नपाणी घेणारा माणूस म्हणून थोडी खंत वाटते.

दोन्ही वाटा पुढे एकाच ठिकाणी येतात. अंडी कापडाने उचलून हाप्यात ठेवतात. हापा म्हणजे पाण्यात बांबूंना ताणून बांधलेली कापडी पेटी. आतली मच्छरदाणीच्या कापडाची, बाहेरची दाट कापडाची. पिल्लू अंड्यातून सुटले की आतल्या कापडाच्या छिद्रांतून बाहेरच्या पेटीत उतरते आणि टरफले मागे राहतात. विणीसाठी हाप्यात जोडी सोडली असेल तर काम होताच नर-मादींना बाहेर काढतात. पुढे संगोपनाचा छोटा तलाव, आणि मत्स्यबोटुकली झाली की मोठा. घडा, खड्डा आणि समुद्र! मनूची योजना पायरीपायरीने अमलात आली.

मीही तेच केले. पुढच्या खेपेला अंड्यांसह कुंडी उचलून दुसऱ्या काचपेटीत ठेवली, बुरशी लागू नये म्हणून पाण्यात मेथिलीन ब्लूचे थेंब टाकले. अडीच दिवसांत पिल्ले बाहेर आली, आणखी तीन दिवसांत पोहू लागली. शंभराच्या वर असतील. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील जिवाची नुकतीच उबलेली पिल्ले त्यांना खावयास दिली. ती काचेच्या भिंतींशी, कुंडीशी, पाणी तापविणाऱ्या नळीशी जाऊन अंग घासल्यासारखे करीत होती. कशाचा तरी शोध चालला होता. चौथ्या दिवशी एकही उरले नाही.

ती काय शोधत होती ते मला नंतर कळले. शास्त्रज्ञांना ते मी जन्मण्याच्या कितीतरी आधी कळले होते. या माशाचे शास्त्रीय वर्णन व्हिएन्नाच्या हेकेलने १८४० मध्ये, नाटेररने ब्राझीलमधून पाठविलेल्या नमुन्यांवरून केले. पण मेलेल्या नमुन्यावरून संसार कळत नाही. १९५९ मध्ये, म्हणजे अंगुलच्या प्रयोगानंतर दोनच वर्षांनी, हिल्डेमान यांनी अमेरिकेतील एका नियतकालिकात दाखवून दिले की डिस्कसची पिल्ले आईबापांच्या अंगावरील बुळबुळीत स्राव खाऊन जगतात. नुसती आई नव्हे, बापही पाजतो. एक दमला की अंगाला झटका देऊन पिल्लांचा थवा दुसऱ्याकडे सोपवतो. हा लेख वाचला त्या संध्याकाळी मी नागपूरला फोन केला. तसे काही काम नव्हते.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच परका मानू नये. कोकणात आणि गोव्यात कालुंदर म्हणून ताटात येणारा मासा डिस्कसच्याच सिक्लिड कुळातला. त्याचा दक्षिण भारतातील धाकटा नातलग, नारिंगी क्रोमाइड, याची पिल्लेही आईबापांच्या अंगाला हलके धडकून स्राव टिपतात. वॉर्ड आणि बार्लो यांनी १९६७ मध्ये या धडकण्याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. हे कूळ भारत, मादागास्कर, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका येथे विखुरलेले आहे. हे सर्व भूभाग एके काळी ज्या महाखंडात जोडलेले होते, त्याचे गोंडवन हे नाव आमच्या या गोंडांच्या मुलखावरूनच पडले. मेडलिकॉटने ते खडकांना दिले आणि सुएसने १८८५ मध्ये महाखंडाला. माशांची पांगापांग त्या खंडाच्या फुटण्याने झाली की नंतर समुद्र ओलांडून, यावर विद्वानांत वाद आहे. अमेझॉनच्या पाहुण्याचे गोत्र गोंडवनी निघावे याचे मला मात्र भारी अप्रूप वाटले.

मग आईबाप अंडी खातात ती का? जुने शौकीन याला विकृती समजत. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रोव्हर याने १९७८ मध्ये त्यामागे हिशेब असू शकतो असे मांडले: हाती असलेली वीण लाभदायक ठरणार नसेल तर ती खाऊन पुढच्या विणीसाठी बळ राखणे मादीला वा नराला परवडते. नवखी जोडी, फलित न झालेली अंडी, रात्री अचानक लागलेला दिवा, कोणाची तरी पावले, अशा वेळी तोंड फिरते. माझ्या पहिल्या विणीच्या रात्री वीज गेली होती आणि मी बॅटरी घेऊन तीनदा पेटीपाशी गेलो होतो. याउलट १९५२ साली भारतात आणलेल्या तिलापियाची मादी पिल्ले तोंडात धरून हिंडते आणि त्या काळात बहुधा उपाशी राहते. तोंड तेच.

पिल्ले वेगळी काढून वाचवणे अशक्य नाही. फ्लॉरिडातील जॅक वॉटली यांनी १९६० नंतरच्या दशकात अंड्याच्या बलकापासून केलेला लेप भांड्याच्या कडेला लावून हजारो डिस्कस हातांनी वाढवले. त्या चिकाटीला नमस्कार असो. दिवसातून अनेकदा लेप लावणे आणि पाणी बदलणे कचेरीत जाणाऱ्याच्या कुवतीबाहेरचे आहे. पण शौकिनांत एक मधला मार्गही रूढ आहे, आणि तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो. कुंडीभोवती जाळी घालतात. आईबाप अंडी पाहू शकतात, त्यांना वारा घालू शकतात, राखण करतात, पण तोंड तेथवर पोहोचत नाही. पिल्ले पोहू लागण्याच्या सुमारास जाळी काढून घेतात.

भाजीच्या प्लॅस्टिकच्या टोपलीची जाळी कापून मी तेच केले. दिवा रात्रभर मंद ठेवला. सहाव्या दिवशी जाळी काढताना हात कापत होता. पिल्ले क्षणभर गोंधळली, आणि मग एकेक करून बापाच्या कुशीला जाऊन चिकटली.

प्लिमथच्या संशोधकांनी ब्राझीलमधील सहकाऱ्यांबरोबर २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की अंडी घातल्यावर या स्रावातील प्रथिने आणि प्रतिद्रव्ये बरीच वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा उतरतात. त्याच सुमारास आईबाप पिल्लांना चुकवून थोडे दूर पोहू लागतात. दूध तोडणाऱ्या आईचीच ही रीत. माझ्या पेटीत बापाने आधी तोंड फिरवले. पिल्ले मागे लागली की तो कोपऱ्यात वळे. आई आणखी तीन दिवस थांबली.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा आला होता. पिल्ले दुसऱ्या पेटीत हलविताना मोजणी त्याने केली: एकसष्ट. मी म्हटले, पुन्हा मोज. पुन्हा एकसष्टच भरली. जोडीने त्याच आठवड्यात तीच कुंडी पुन्हा तोंडाने घासून स्वच्छ करावयास घेतली.