जुन्या मोटारींच्या दारांतील ध्वनिशमन

मोटारीच्या दाराच्या पोकळीत, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला कंप शोषणारे अस्तर चिकटवून दाराचा खणखणाट आणि रस्त्याचा घुमारा कमी करणे, याला दाराचे ध्वनिशमन म्हणतात. गॅरेजात याचे चालू नाव ‘डॅम्पिंग’. महाराष्ट्रात हे काम फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसडर या जुन्या गाड्यांवरही होते. गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर, हेदवी अशा समुद्रकाठच्या गावांत गाडी राहणार असेल, तर ते आवाजाइतकेच पाण्याचेही काम ठरते.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे १९७० च्या दशकापासून पद्मिनी तयार होई. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. आज उरलेल्या पद्मिनी बहुतेक हौशी मालकांकडे आहेत. या गाड्या घडल्या त्या काळी दारात ध्वनिशमनाचा विचार बेताचाच होता. बाहेरचा पत्रा, आत भोके पाडलेला दुसरा पत्रा, मधे काच वर-खाली करणारे यंत्र व कुलूप, आणि गाडीच्या आतल्या बाजूने रेक्झिन चढवलेला हार्डबोर्ड, म्हणजे डोअर पॅड, एवढाच तो संसार. बाहेरचा पत्रा मोठा, पातळ आणि कडांनाच धरलेला असल्यामुळे ढोलाच्या पानासारखा कापतो. दार लावताना येणारा पत्र्याचा ‘ठण्ण’ आवाज आणि खडबडीत रस्त्यावरचा घुमारा, दोन्ही त्यातूनच निघतात.

अस्तर हा कंप उष्णतेत बदलते. प्रचलित अस्तरात सुमारे २ मिलिमीटर जाडीचा चिकट ब्यूटिल रबराचा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. दाराचा पत्रा वाकू लागला की रबर त्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या मधे सापडून घासल्यासारखे ताणले जाते आणि कंपाची ऊर्जा त्यात जिरते. पत्र्यावर चिकट लेप दिल्याने कंप किती मरतो, याचे मापन जर्मन शास्त्रज्ञ हर्मान ओबर्स्ट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस केले. दोन कडक थरांमध्ये दाबलेल्या लेपाचे गणित रॉस, उंगार आणि केरविन यांनी १९५९ मध्ये मांडले. ब्यूटिलपेक्षा डांबरी चादरी स्वस्त पडतात, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या दारात त्या मऊ पडून ओघळतात आणि गाडीभर डांबराचा वास सुटतो. दाराच्या उभ्या पत्र्यावर त्या टाळाव्यात.

संपूर्ण पत्रा मढवण्याची गरज नसते. कंप सर्वांत जास्त मधल्या भागात असतो, त्यामुळे पत्र्याचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी घुमाऱ्याचा बराचसा भाग जातो. त्यापुढे वाढवलेल्या प्रत्येक तुकड्याचा फायदा कमी आणि वजन तेवढेच. २ मिलिमीटर ब्यूटिल चौरस मीटरला सुमारे साडेतीन किलो भरते, आणि जुन्या दाराच्या बिजागऱ्या आधीच झिजलेल्या असतात. दार आधीच लोंबत असेल तर बिजागऱ्यांच्या खिळी पहिल्यांदा बदलाव्यात. काम जमले की नाही ते कोकणात फणस पारखतात तसे, बोटाच्या पेराने ठोकून कळते: उघडा पत्रा टणटणतो, मढवलेला बद्द वाजतो.

भरधाव वेगात येणारी वाऱ्याची शीळ मात्र या अस्तराने थांबत नाही. ती झिजलेल्या रबरी बीडिंगमधून आणि पुढच्या त्रिकोणी काचेच्या कडेने येते, म्हणून बीडिंग बदलल्याशिवाय केलेले डॅम्पिंग अर्धेच म्हणावे.

आता पाणी. दाराची पोकळी जलरोधक नसते, आणि ती तशी असावी अशी अपेक्षाही नाही. काचेच्या फटीतून पाऊस आत शिरतो, पत्र्याच्या आतून ओघळतो आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शिवाय वाऱ्याबरोबर मीठ येते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे पावसाळा संपल्यावरही गंज चालूच राहतो आणि दाराचा तळ सर्वांत आधी खाल्ला जातो. अशा दारात तागाचे फेल्ट किंवा उघड्या छिद्रांचा स्पंज भरणे म्हणजे पत्र्याला ओले पोतेरे बांधून ठेवणे होय. फोम घालायचाच असेल तर बंद छिद्रांचा, आणि तोही आतल्या पत्र्यावर.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला आहे. पावसाळा संपून दार पूर्ण सुकल्यावर, साधारण नोव्हेंबरनंतर, डोअर पॅड काढून तळातला गाळ काढतात. गंज तारेच्या ब्रशने खरवडतात, सडलेला पत्रा कापून नवा जोडतात; लांबी (पुट्टी) भरून झाकलेला गंज वर्षभरात पुन्हा डोके काढतो. त्यावर रेड ऑक्साइडचा प्रायमर आणि रंग. रंग पूर्ण वाळल्यावर पत्रा स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवतात, कारण तेलाच्या पुसट थरावरही ब्यूटिल धरत नाही. चादर लहान तुकड्यांत कापून मधून कडेकडे रोलरने दाबत नेतात, जेणेकरून खाली हवेचा फुगा राहू नये. फुग्यात साचलेले पाणी दिसत नाही आणि निघतही नाही. काचेच्या वाटेत, कुलपाच्या दांड्यांवर आणि तळाच्या छिद्रांजवळ अस्तर लावत नाहीत. तळाच्या शिवणीत शेवटी पातळ मेण फवारतात. ते अस्तर चिकटवण्याच्या आधी फवारले तर चादर सुटून येते.

आतल्या पत्र्याची भोके प्लास्टिकच्या कागदाने झाकल्याशिवाय पॅड परत बसवू नये. कारखान्यातून आलेला मूळ कागद बहुतेक गाड्यांत फाटून गेलेला असतो, आणि तो नसला की पोकळीतले पाणी हार्डबोर्डात मुरून पॅड फुगते. कागदाची खालची कड आतल्या पत्र्याच्या आत वळवावी, म्हणजे ओघळ पोकळीतच पडतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या सांगाड्यात, इंजिनात वा चेसीत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. आतून चिकटवलेले अस्तर उष्ण हवेच्या झोताने मऊ करून काढता येते, त्यामुळे गाडीचे मूळ रूप जपू पाहणारे हौशी मालक ते पसंत करतात.

मृगाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर दाराच्या खालच्या कडेतून पाणी ठिबकायला हवे. ठिबकत नसेल तर छिद्रे अस्तराने वा गाळाने बुजली आहेत, आणि पॅड पुन्हा उघडावे लागते.